टेलिमार्केटिंगवाल्यांची हजेरी घेणारे काका : एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या काकांच्या घरातलं आहे. नावं, गाव, कंपन्या सगळं काढून टाकलंय, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. काका ७१ वर्षांचे, सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्या वर्षी काकूचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती तीनेक महिने जवळपास पलंगावरच होती. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, परदेशात, तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. मी जवळ राहायचो म्हणून माझं रोज जाणं-येणं.

घरात एक लँडलाइन, एक मोबाईल आणि खाली जिन्याशी एक टपालपेटी. या तिन्हींवर जाहिरातवाल्यांनी इतका कब्जा केला होता की खरा फोन आणि खरं पत्र यांना जागाच उरली नव्हती. लोन, विमा, क्रेडिट कार्ड, प्लॉट, सहलीचं पॅकेज, फुकट आरोग्य तपासणी. सकाळी नऊच्या आधी पहिला फोन आणि रात्री आठनंतर शेवटचा. काकांचा स्वभाव असा की फोन वाजला तर तो उचलायचा आणि समोरचा बोलत असेल तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, वर्गात चाळीस वर्षं तेच केलेलं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोन दुसऱ्यांपेक्षा लांबायचा.

नेमका त्रास काय होता

लोक सहज सांगतात की अनोळखी नंबर उचलूच नका. या घरात ते शक्य नव्हतं. हॉस्पिटलमधून फोन यायचे ते दर वेळी वेगळ्या नंबरवरून, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई कधी स्वतःच्या तर कधी दुसऱ्याच्याच फोनवरून बोलायच्या, आणि ताई इंटरनेटवरून फोन करायची तेव्हा स्क्रीनवर काहीतरी भलताच नंबर दिसायचा. म्हणजे वाजेल तो प्रत्येक फोन उचलायचा हे ठरलेलंच.

मी काकांना म्हटलं एक आठवडा नुसती नोंद ठेवा. त्यांनी वहीत रकाने आखले, वेळ, कोण, कशाबद्दल, किती मिनिटं. सात दिवसांत ५३ फोन आले, त्यातले ४१ जाहिरातीचे. त्या ४१ पैकी अकरा असे की उचलल्यावर पलीकडे कोणीच नाही, दोन-तीन सेकंद शांतता आणि मग कट. काकूला त्या फोनांची भीती वाटायची, तिला वाटायचं कोणीतरी घरावर नजर ठेवतंय. खरं कारण साधं आहे. कॉल सेंटरमधलं डायलर मशीन एकाच वेळी बऱ्याच नंबरांना फोन लावतं, किती लोक उचलतील याचा अंदाज बांधून, आणि अंदाजापेक्षा जास्त लोकांनी उचलला की बोलायला एजंटच मोकळा नसतो. अमेरिकेत तर यावर नियमच आहे, उचललेल्या फोनांपैकी असे सोडून दिलेले फोन ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत आणि माणसाने हॅलो म्हटल्यापासून २ सेकंदांत एजंट जोडला गेला पाहिजे. हे काकूला समजावून सांगितल्यावर तिची झोप सुधारली, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं पाऊल तेच होतं.

टपालाचं नुकसान जास्त झालं. पेटीत रोज मूठभर पत्रकं, काका ती एकगठ्ठा उचलून रद्दीत टाकायचे. त्या गठ्ठ्यात एकदा हॉस्पिटलचं तपासणीच्या तारखेचं पत्र गेलं. तारीख चुकली, पुढची तीन आठवड्यांनी मिळाली. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

भडका उडाला तो दिवस

तारीख चुकली त्याच आठवड्यात, भर दुपारी, काकूला नुकतीच झोप लागली होती आणि लँडलाइन वाजली. लोनवाली मुलगी. काकांनी तिला इतकं झापलं, इतक्या मोठ्या आवाजात, की मी जिन्यात होतो तिथपर्यंत ऐकू आलं. पलीकडून ती मुलगी एवढंच म्हणाली, सॉरी सर, आणि गप्प झाली, फोन मात्र तिने ठेवला नाही. काका पण गप्प. मग त्यांनीच ठेवला.

रात्री ते मला म्हणाले, अरे तिचा आवाज अगदी दहावी-बारावी होऊन गेलेल्या पोरीसारखा होता, माझ्याच वर्गातली कोणीतरी असती. ही अशी नोकरी तिने आनंदाने धरली असेल का.

आम्ही गमतीच्या वाटेने गेलो त्याचं मूळ या वाक्यात आहे, म्हणून ते मुद्दाम लिहिलं. कोणाची खिल्ली उडवायची म्हणून हे सुरू झालं नाही. चिडायचं नव्हतं आणि सहनही करायचं नव्हतं, या दोन्हींच्या मधे उभं राहायला काकांना काहीतरी हवं होतं.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय नंबर बदलण्याचा. तो लगेच बाद झाला, चाळीस वर्षांत शिकवलेले विद्यार्थी त्या लँडलाइनवर फोन करतात.

दुसरा, स्पॅम ओळखणारं ॲप. मोबाईलवर टाकलं, थोडा उपयोग झाला, पण लँडलाइनला काहीच नाही, आणि शिवाय अशी बरीच ॲप्स आपली कॉन्टॅक्ट लिस्ट वाचायची परवानगी मागतात. ताईला ते आवडलं नाही, मला पण नाही.

तिसरा, सरकारी नोंदणी. ब्रिटनमध्ये अशी टेलिफोन नोंदणी १९९९ पासून आहे, अमेरिकेत २००३ पासून, भारतात २००७ पासून, आणि आता भारतात १९०९ ला फोन किंवा मेसेज करून नंबर टाकता येतो. हा पर्याय आम्ही पहिल्याच दिवशी वापरायला हवा होता. काका म्हणाले, अशा नोंदण्यांनी काही होत नाही रे. मी पण मान हलवली आणि विषय सोडून दिला.

चौथा पर्याय ताईने पाठवला. नेदरलँड्समधले एक कलाकार आहेत, मार्टाइन एंगेलब्रेख्त. टेलिमार्केटिंगवाल्याकडे जशी छापील स्क्रिप्ट असते तशीच उलटी स्क्रिप्ट त्यांनी ग्राहकासाठी तयार केली, आडव्या-उभ्या बाणांच्या तक्त्यासारखी. समोरच्याने प्रश्न विचारायच्या आत आपणच विचारायचं, तुमचं नाव काय, या कामाला किती दिवस झाले, टूथपेस्ट कोणती चांगली ते सांगाल का. तिच्यात शिवी नाही की आरडाओरडा नाही. फोन करणाऱ्याच्या हातात असलेली सूत्रं तेवढी आपल्याकडे येतात. काकांनी ते वाचलं आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत तो जुना, पेपर काढताना असायचा तो भाव आला. म्हणाले, प्रश्न विचारणं हे माझं काम आहे.

काय केलं : पहिला टप्पा

काकांनी प्रश्नपत्रिका काढली. खरोखरच, कागदावर, लँडलाइनच्या शेजारी भिंतीला चिकटवली. सुरुवात हजेरीने. फोन आला की काका म्हणायचे, थांबा, आधी हजेरी घेतो, पूर्ण नाव सांगा. बहुतेक जण गोंधळून खरंच सांगायचे. मग प्रश्न पहिला, सतराचा पाढा म्हणा. लोनवाला असेल तर व्याजाचं उदाहरण आणि विमावाला असेल तर शक्यतेचं.

व्याजाच्या उदाहरणात नुसती मजा नव्हती म्हणून ते सविस्तर सांगतो. एकाने सांगितलं, सर फक्त ११ टक्के फ्लॅट रेट, तीन वर्षं. काका म्हणाले, बाळ, वही घे. शंभर घेतले, ११ टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षांचं व्याज ३३, एकूण १३३, ते ३६ हप्त्यांत. पण मी दर महिन्याला मुद्दल फेडत जातोय ना, मग दुसऱ्या वर्षी माझ्याकडे शंभर शिल्लक आहेत का? नाहीत. तरी व्याज मात्र पूर्ण शंभरावरच लावलंयस. उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. पलीकडचा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, सर, आम्हाला हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही.

काकू पलंगावरून हे सगळं ऐकायची. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा मोठ्याने हसली ती एका सहलवाल्याच्या फोनला. त्याने सांगितलं की तुमचं नाव लकी ड्रॉमध्ये निघालंय, आणि काकांनी त्याला शांतपणे विचारलं, चिठ्ठ्या एकूण किती होत्या, शक्यता काढून दाखव. मी तेव्हा तिथेच होतो. त्या हसण्यासाठी मी आणखी शंभर फोन सहन केले असते.

घरातलं वातावरण पंधरा दिवसांत बदललं. फोन वाजला की आधी कपाळावर आठी यायची, आता काकू म्हणायची, घ्या, विद्यार्थी आला.

कुठे फसलं

तीन आठवड्यांनी वहीतली बेरीज केली तर फोन कमी झालेच नव्हते. उलट आठवड्याला ४१ चे ५८ झाले होते.

कारण आम्हाला शोधावं लागलं नाही, ते फोनवरूनच कळलं. एका मुलीला काकांनी नेहमीप्रमाणे सतराचा पाढा विचारला होता, ती सतरा साते ला अडकली, तेव्हा काका म्हणाले होते, हरकत नाही, उद्या पाठ करून फोन कर. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता तिचा फोन आला. सर, म्हणू का? आणि तिने सतराचा पाढा दहापर्यंत न चुकता म्हटला. काकांनी तिला शाबास म्हटलं आणि मग विचारलं, बाळ, तू खरंच त्याच्यासाठी फोन केलास? ती म्हणाली, सर, तुम्ही उद्या फोन कर म्हणालात ना, मग मला सिस्टिममध्ये कॉलबॅक टाकावा लागतो, आणि कॉलबॅक टाकला की फोन करावाच लागतो. म्हटलं, फोन करायचाच आहे तर पाढा पाठ करूनच करू.

तिनेच पुढे सगळं समजावलं. प्रत्येक फोन संपला की एजंटला एक शेरा निवडावा लागतो, नको म्हणाले, उचलला नाही, नंतर करा म्हणाले, इच्छुक आहेत, पुन्हा फोन नको म्हणाले, असं. आता जो ग्राहक चार-पाच मिनिटं बोलतो, प्रश्न विचारतो, व्याजाचा दर काढतो, त्याला काय शेरा मिळणार? इच्छुक. काकांची प्रश्नपत्रिका जितकी रंगत गेली तितका त्यांचा नंबर चांगल्या यादीत वर सरकत गेला. आणि त्याच्याही आधी वर्षानुवर्षं ते सभ्यपणे आत्ता जरा कामात आहे म्हणत आले होते, त्याचाही अर्थ सिस्टिमच्या भाषेत नंतर करा असाच.

हे ऐकून मला खूप वाईट वाटलं, कारण ती उलटी स्क्रिप्ट भिंतीवर चिकटवायला मीच मदत केली होती. पण त्या मुलीने जाता जाता जे सांगितलं त्याने पुढचं सगळं बदललं. ती म्हणाली, सर, नको एवढंच म्हटलं तर यादी तीच राहते, दुसऱ्या महिन्यात दुसरा कोणीतरी फोन करेल. माझा नंबर पुन्हा डायल करू नका, असं स्पष्ट म्हणालात तर आम्हाला वेगळं बटण आहे.

काय केलं : दुसरा टप्पा

आता निर्णय असा होता की गंमत बंदच करायची की तिला आवर घालायचा. ताईचं म्हणणं बंद करा. तिचा मुद्दा मला आजही पटतो, की फोन करणाऱ्याला दिवसाचं टार्गेट असतं, त्याची पाच मिनिटं खाल्ली तर तोटा कंपनीला होत नाही, त्या पोराला होतो. काका म्हणाले, मग मला परत ओरडणारा म्हातारा करायचाय का तुम्हाला. दोघांचंही खरं होतं. दोन दिवस यावर घरात चर्चा चालली आणि शेवटी काकूने पलंगावरून निकाल दिला, आधी नाही म्हणा, मग एकच प्रश्न विचारा, आणि ठेवा.

म्हणजे क्रम उलटा केला. फोन आला की पहिलं वाक्य, मला यातलं काही नको, माझा नंबर पुन्हा फोन करू नका या यादीत टाका. दुसरं वाक्य, कंपनीचं पूर्ण नाव सांगा, लिहून घेतो. हे दोन झाले की मग काकांचा एक प्रश्न, आणि तो सुद्धा असा की समोरच्याला हसू येईल, त्याचा वेळ जाणार नाही. एकाला विचारलं, आज सकाळपासून कितीजण ओरडले? तो म्हणाला, सर, नऊ. काका म्हणाले, मी दहावा नाही, जा, मजेत राहा. हा फोन वहीत चाळीस सेकंदांचा नोंदलाय.

सोबत नोंदणी केली, जी पहिल्या दिवशी करायची होती. नोंदणीने सगळं थांबत नाही. अमेरिकेतल्या यादीतून राजकीय फोन, धर्मादाय संस्था आणि सर्व्हे वगळलेले आहेत, आणि ज्या कंपनीशी तुमचा व्यवहार झालाय ती १८ महिन्यांपर्यंत फोन करू शकते. बाकी ठिकाणीही संमती हा मुद्दा येतोच, तुम्ही कुठेतरी होय म्हटलं असेल तर कंपनी त्या होयवर बोट ठेवते. आम्ही शोधलं तेव्हा कळलं की काकांनी एका बक्षीस योजनेचा फॉर्म भरला होता आणि त्याच्या तळाशी, अगदी मुंगीएवढ्या अक्षरात, आमच्या सहयोगी कंपन्या संपर्क करू शकतात अशी ओळ होती. त्या योजनेला लेखी कळवून संमती मागे घेतली. वहीतल्या नोंदींमुळे तक्रारी करणं सोपं गेलं, तारीख, वेळ, नंबर, कंपनीचं नाव सगळं तयार होतं. तक्रारीला मुदत असते, म्हणून महिनाभर साठवून ठेवून एकदम करू असं म्हणू नये, त्याच आठवड्यात करून टाकावी.

एक चूक जी आम्ही होऊ द्यायला नको होती

मधे एक फोन आला, तुमचं खातं आज बंद होणार, लगेच माहिती अपडेट करा. काकांना वाटलं हा पण विद्यार्थीच. त्यांनी त्याला वीस मिनिटं खेळवलं, खोटे आकडे दिले, कार्डाचा नंबर म्हणून पायचे दशांश सांगितले, तीन एक चार एक पाच नऊ दोन सहा. आम्ही पण हसत होतो, खरं आहे ते.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत फोन वाजत राहिला, दर काही मिनिटांनी, दर वेळी नवा नंबर, उचलला की शिव्या. एकाने काकूचं नाव घेतलं. लँडलाइनची वायर काढून ठेवली आणि मोबाईल उशीखाली. काकू घाबरली ती दोन-तीन दिवस घाबरलेलीच राहिली.

टेलिमार्केटिंगवाला आणि ठग यांच्यात फरक करायला आम्ही तिथे शिकलो. पहिल्याला नोकरी असते, वरती साहेब असतो, यादी असते, तक्रार केली तर कोणीतरी उत्तर देतं. दुसऱ्याला यातलं काहीच नसतं आणि त्याच्याकडे तुमचा नंबर, नाव, कधी कधी पत्ता पण असतो. ठगांचा वेळ खाण्याचं काम जगात चालतं, नाही असं नाही. लेनी नावाचा एक रेकॉर्ड केलेला म्हातारा आहे, सोळा-एक ठराविक वाक्यं, मधेच आपल्या मुलीचं कौतुक आणि मागे बदकांचा आवाज, आणि पलीकडचा तासभर बोलत बसतो. ब्रिटनमधल्या एका मोबाईल कंपनीने २०२४ मध्ये डेझी नावाची एआय आजी आणली, ती विणकाम आणि मांजराच्या गप्पा मारत ठगांना चाळीस-चाळीस मिनिटं अडकवते. पण ही कामं मशीन करतं, वेगळ्या नंबरवर करतं, तिथे घरात कोणी आजारी माणूस झोपलेलं नसतं. घरच्या फोनवरून हे करू नये. ओटीपी, खातं बंद, पार्सल अडकलंय, पोलीस बोलतोय, यातला एक शब्द जरी आला तरी काका आता काही न बोलता फोन ठेवतात.

रेकॉर्डेड फोनांचं पण तेच. तिथे विनोद ऐकायला कोणी नसतं, आणि यादीतून नाव काढायला नऊ दाबा असं सांगणाऱ्या अनोळखी रेकॉर्डिंगला नऊ दाबलं तर इथे जिवंत माणूस आहे एवढं त्यांना कळतं. नको असलेल्या ईमेलचं गणित तसंच, ओळखीच्या कंपनीचं पत्र असेल तर खालच्या अनसबस्क्राइबवर टिचकी मारावी, अनोळखी असेल तर न उघडता स्पॅममध्ये टाकावं.

टपालपेटी

फोनवर गमतीला आवर घालावा लागला, टपालात मात्र ती पुरेपूर चालली.

काकांनी लाल पेन काढलं. पत्रकं उत्तरपत्रिकेसारखी तपासायची, शुद्धलेखन, टक्केवारीच्या चुका, तारांकित अटी, आणि वर गुण द्यायचे, १० पैकी ३. एका पत्रकात ५० टक्के अधिक २० टक्के सूट म्हणजे ७० टक्के असं छापलं होतं, तिथे काकांनी समासात लिहिलं, अर्ध्याचे वीस टक्के म्हणजे दहा, एकूण साठ, पुन्हा सोडवा. काही जाहिरातींसोबत तिकीट न लावता परत पाठवायचं पाकीट यायचं. अशा पाकिटाचा टपालखर्च ते परत गेल्यावरच कंपनीकडून वसूल होतो, म्हणून लोक त्यात वाटेल ते भरून पाठवतात. अमेरिकेत तर विटेला पाकीट चिकटवण्याचे प्रकार झाले आणि तिथलं टपाल खातं असं पार्सल सरळ कचरा म्हणून टाकून देतं. आम्ही वीट वगैरे काही केलं नाही. तपासलेलं पत्रक, आणि त्यावर लाल अक्षरात, कृपया हा पत्ता यादीतून काढावा. अशी १४ पाकिटं गेली. पाच ठिकाणची पत्रं बंद झाली आणि एका ठिकाणाहून सही केलेलं पत्र आलं की पत्ता काढला आहे आणि टक्केवारीची चूक दुरुस्त केली आहे. काकांनी ते जपून ठेवलंय.

पेटीवर पाटी लावली, या पेटीला जाहिराती पचत नाहीत, फक्त पत्रं टाकावीत. पाट्यांचा उपयोग होतो, नेदरलँड्समध्ये ही पद्धत जुनी आहे, आणि ॲमस्टरडॅमने तर २०१८ पासून नियमच उलटा केला, हो म्हणणारी चिठ्ठी पेटीवर असेल तरच जाहिरातपत्रक टाकायचं. आमच्या पाटीमागे कायदा नव्हता, पण पत्रकं वाटणारी मुलं ती वाचून हसायची आणि पुढे जायची. एक मुलगा मात्र वर येऊन म्हणाला, काका, पत्रकं परत नेली तर मला ओरडा बसतो. काकांनी त्याला सांगितलं, तू हातात दे, पेटीत टाकू नकोस. हातात दिलेलं पत्रक निदान हॉस्पिटलच्या पत्रात मिसळत नाही.

आणि एक युक्ती काकांची स्वतःची. जिथे जिथे साधा फॉर्म भरावा लागेल तिथे मधलं नाव वेगळं लिहायचं, एकीकडे त्रिज्या, एकीकडे परीघ, एकीकडे कर्ण. अर्थात बँक, हॉस्पिटल आणि सरकारी कागद सोडून. अडीच महिन्यांनी परीघ या मधल्या नावाने विम्याचं पत्र आलं. परीघ कुठे लिहिलं होतं ते वहीत होतं, म्हणजे पत्ता कोणी पुढे दिला ते कळलं, आणि त्यांना तसं लेखी विचारता आलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर परीघ नावाने काही आलं नाही.

निकाल

तीन महिन्यांनी वहीत आठवड्याला सरासरी ९ फोन. त्यातले निम्मे रेकॉर्डेड. टपालपेटीतली पत्रकं अर्ध्याहून कमी. हॉस्पिटलची पत्रं आता ताईच्या ईमेलवर पण जातात, त्यामुळे ती दुसऱ्या खंडातून फोन करून तारीख आठवण करून देते. काकू काठी घेऊन चालायला लागली आणि कधी कधी फोन तीच उचलते.

नेमकं कशामुळे किती कमी झालं ते वेगळं करून सांगता येणार नाही, नोंदणी, स्पष्ट नकार, संमती मागे घेणं आणि तक्रारी हे सगळं साधारण एकाच महिन्यात सुरू झालं. माझा अंदाज असा की फोन कमी झाले ते नोंदणी आणि त्या एका स्पष्ट वाक्याने. विनोदाने फोन कमी केले नाहीत. विनोदाने काकांना ते वाक्य दिवसातून सहा वेळा, न चिडता, न थकता म्हणता येऊ लागलं, आणि ही गोष्ट लहान नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी नोंदणी आणि हॉस्पिटलला दुसरा संपर्क देणं, हे दोन आधी. त्याला अर्धा तास लागला असता आणि ती तारीख चुकली नसती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

लाल पेन हातात घेण्याआधी पत्र पूर्ण वाचायचं. एकदा बँकेच्या बदललेल्या अटींचं पत्र जाहिरात समजून काकांनी १० पैकी २ देऊन परत पाठवलं, आणि ते नेमकं कामाचं होतं. दुसरी प्रत मागवावी लागली.

मजेसाठी फोन लांबवायचा असेल तर उद्या, नंतर, बघू, विचार करतो हे चार शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. पाढ्याची गंमत करताना काकांनी नेमका उद्या हा शब्द वापरला होता.

काका-ताईचा वाद मात्र मिटलेला नाही. ताई म्हणते एक प्रश्न सुद्धा नको, त्यांना पगार त्यासाठी मिळत नाही. काका म्हणतात एका प्रश्नाने कोणाचं टार्गेट बुडत नाही आणि दिवसभर शिव्या खाणाऱ्याला कोणीतरी नाव विचारलं तर बरंच वाटत असेल. परवा मी गेलो तेव्हा लँडलाइन वाजली, काकूने उचलली, आधी ठरलेली दोन वाक्यं म्हटली, कंपनीचं नाव वहीत लिहिलं, आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून काकांना विचारलं, अहो, ही म्हणते मला पाढे येतात, कितीचा विचारू?